भारतात सगळ्या लसी झाल्या, तरी इथल्या रजिस्टरमध्ये 'ओव्हरड्यू' : राहिलेल्या लसींचा हिशेब कसा मांडायचा? (ऑस्ट्रेलिया)

सोनटक्का

नमस्कार मंडळी. आम्ही मार्चअखेर पुण्याहून मेलबर्नला आलो, कायमस्वरूपी व्हिसावर. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची. मुलीला चाइल्डकेअरमध्ये जागा मिळाली, पण त्यांना लसीकरणाचं स्टेटमेंट हवंय. पुण्याच्या डॉक्टरांची फाइल पुढे केली तर म्हणाले, ही चालत नाही, ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरचंच स्टेटमेंट आणा.

घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये फोन केला. रिसेप्शनवर सांगितलं की बाहेरच्या देशातल्या लसी धरत नाहीत, पहिल्यापासून सगळं करावं लागेल. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. मुलीच्या फाइलमध्ये एक रकाना रिकामा नाही. दर डोसच्या वेळी कुपीवरचा स्टिकर सोलून डॉक्टर फाइलमध्ये चिकटवायचे आणि खाली तारीख घालून सही करायचे. ते सगळं पाण्यात गेलं म्हणायचं का?

मग मैत्रिणीने सांगितलेल्या दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या नर्सने शांतपणे सगळ्या तारखा रजिस्टरमध्ये चढवल्या. पण चार दिवसांनी स्टेटमेंट आलं त्यात मुलीची एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) 'ओव्हरड्यू' म्हणजे थकलेली, आणि मेनिंगोकोकलही (मेंदूज्वराच्या एका जंतूवरची लस). एमएमआर तिला दोनदा दिली आहे, नवव्या महिन्यात आणि पंधराव्या महिन्यात. मग थकबाकी कसली?

मुलाचं अजून काहीच चढवलेलं नाही. तो माझ्या माहेरी, सातारा जिल्ह्यात जन्मला. निम्म्या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रात, निम्म्या पुण्यात. पाच वर्षांचा डोस कोविडच्या गडबडीत राहूनच गेला. कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर प्लीज नीट सांगा.


संत्रानगरी

सोनटक्का, आधी पाणी प्या. काहीही पाण्यात गेलेलं नाही.

मी मूळची नागपूरची, इथे एका जीपी (फॅमिली डॉक्टर) क्लिनिकमध्ये लसीकरणाचं काम बघते. आठवड्याला दोन-तीन तरी भारतीय कुटुंबं अशीच फाइल घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परदेशात दिलेला डोस, ज्याची तारखेसकट लेखी नोंद आहे, जो किमान वयानंतर आणि किमान अंतर ठेवून दिलेला आहे, तो इथे जमेस धरतात. मालिका मध्येच तुटली असेल, दोन डोसांत तीन वर्षं गेली असतील, तरी पुन्हा एकपासून सुरुवात करत नाहीत. जिथे थांबलं होतं तिथून पुढे. 'सगळं पहिल्यापासून' हे उत्तर चूक आहे आणि ते ऐकून लोक घाबरून परत येतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या मुलीची एमएमआर. भारतात गोवर लहान बाळांना लवकर गाठतो, म्हणून नवव्या महिन्यात डोस देतात आणि तिथे ते बरोबरच आहे. पण त्या वयात आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं बाळाच्या रक्तात अजून शिल्लक असू शकतात आणि ती लसीचं काम अर्धवट करतात. म्हणून इथे वर्षाच्या आत दिलेला डोस दोनाच्या मोजणीत धरत नाहीत. तिचा पंधराव्या महिन्यातला डोस हा इथला पहिला. दुसरा इथे अठराव्या महिन्याला देतात, तो तिचा बाकी आहे. म्हणजे एक एमएमआर आणि एक मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय (त्या जंतूच्या चार प्रकारांवरची), जी इथे बाराव्या महिन्यात सगळ्यांना मिळते आणि भारतात सरकारी यादीत नाही. दोन सुया, एकाच दिवशी, एकेका दंडात. चौथ्या वर्षीचा बूस्टर वेळ आली की.

मुलाच्या कार्डावर नक्की काय काय आहे ते तारखांसकट लिहा, मग बघू. नाव, गाव, जन्मतारीख टाकू नका, महिना-वर्ष पुरे.


सोनटक्का

संत्रानगरी, डोळ्यांत पाणी आलं वाचून. मनापासून आभार.

मुलाचं असं आहे. जन्म २०१७ च्या सुरुवातीचा. बीसीजी (क्षयाची लस), पोलिओ, कावीळ ब जन्मतः. सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस) आणि तोंडावाटे पोलिओ. सहाव्या महिन्यात पुण्यात कावीळ बचा आणखी एक. नवव्या महिन्यात 'गोवर' एवढंच लिहिलंय. दीड वर्षाला डीपीटी (घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला) बूस्टर आणि पोलिओ. डिसेंबर २०१८ मध्ये मोहिमेतली गोवर-रुबेला, तिचं वेगळं छोटं कार्ड आहे, आईने जपून ठेवलं होतं. त्यानंतर काही नाही. कांजिण्यांची लस नाही, कांजिण्याही झालेल्या नाहीत.


संत्रानगरी

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ते छोटं कार्ड बहुतेक लोक हरवतात. महाराष्ट्रात ती मोहीम नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांत डोस दिले, पण मूळ कार्डावर त्याची नोंद क्वचितच सापडते.

आता हिशेब. घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याचे तीन अधिक एक बूस्टर झालेत, पाच वर्षांचा राहिला. दहा वर्षांखालच्या मुलाला इथे लहान मुलांचीच लस देतात, पोलिओसकट एकत्र. एक सुई. पोलिओचे तोंडावाटेचे डोस इथे जमेस धरतात.

गोवर-रुबेलाचा मोहिमेतला डोस वर्षानंतरचा असल्यामुळे ग्राह्य आहे. पण त्या लसीत गालगुंड नाही. त्याला गालगुंडाचा एकही डोस मिळालेला नाही, म्हणून दोन एमएमआर, मध्ये किमान चार आठवडे. कांजिण्यांचा एक डोस हवा, तो पहिल्या एमएमआरसोबत एकाच सुईत देता येतो. चौदा वर्षांनंतर सुरुवात केली असती तर कांजिण्यांचे दोन लागले असते. आणि एक मेनिंगोकोकल.

हिब आणि न्युमोकोकल (न्यूमोनिया-मेंदूज्वराच्या जंतूंवरच्या लसी) यांची काळजी नको, निरोगी मुलाला पाच वर्षांनंतर त्यांची भरपाई करावी लागत नाही. बीसीजी इथे सरसकट देत नाहीत, त्याचं काही विचारणारही नाहीत.

म्हणजे पहिल्या दिवशी तीन सुया, चार आठवड्यांनी एक. दोन फेऱ्यांत तुमचा मुलगा पूर्ण.


सह्यकडा

एक विचारतो, राग मानू नका. आठ वर्षांच्या पोराला एका दिवशी तीन-तीन सुया, त्यात पाच-सहा आजारांच्या लसी. थोडं थोडं करून दोन-तीन महिन्यांत विभागून द्यायला काय हरकत आहे? आमची आई तर म्हणते एकाच अंगाला एवढं सोसवत नाही.


संत्रानगरी

राग कसला, हा प्रश्न रोज येतो, आणि बहुतेक वेळा आजीच विचारते.

विभागून द्यायला बंदी नाही. पण प्रत्येक आठवडा पुढे ढकलला की तेवढा काळ मूल उघडं राहतं. शाळेत, विमानात, दिवाळीच्या कार्यक्रमात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. लस न घेतलेले दहा जण त्याच्या सहवासात आले तर त्यातल्या नऊ जणांपर्यंत तो पोचतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात काय झालं ते आपण सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय.

सोसण्याचं म्हणाल तर मूल एका दिवसात मातीत खेळून, सगळं तोंडात घालून जेवढ्या जंतूंना भेटतं त्याच्यापुढे या लसींमधले घटक फारच थोडे असतात. दंड दुखतो, कधी ताप येतो, एमएमआरनंतर तर ताप सात ते दहा दिवसांनी येऊ शकतो, तेव्हा घाबरू नका. एकाच दंडात दोन सुया द्यायच्या झाल्या तर मध्ये इंचभर जागा सोडतात.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. एमएमआर, कांजिण्या या जिवंत लसी आहेत. त्या एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे ठेवायचे. 'आज एक, पुढच्या शुक्रवारी एक' असं केलं तर दुसरी बाद धरून पुन्हा द्यावी लागते. विभागण्याच्या नादात पोराला एक सुई जास्त बसते.


न्यूजर्सीचा_कोल्हापूरकर

धागा ऑस्ट्रेलियाचा आहे, तरी लिहितो, कारण अमेरिकेत येणाऱ्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आमच्या मुलाचा जन्म २५ फेब्रुवारी २०२०. एमएमआर १५ महिन्यांनंतर झाली, लॉकडाउनमुळे जरा उशिराच, २ जून २०२१ ला. फाइलमध्ये डॉक्टरांनी आपल्या पद्धतीने लिहिलं, ०२/०६/२०२१. इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. शाळेसाठी नोंदी चढवताना ते ६ फेब्रुवारी २०२१ असं वाचलं गेलं. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या १९ दिवस आधी! डोस अवैध, पुन्हा द्या. त्याच तारखेची कांजिण्यांची लसही अवैध. दोन महिने आम्ही भांडत होतो आणि कुणालाच कळत नव्हतं की चूक कुठे आहे. शेवटी बायकोच्या लक्षात आलं. त्याच पानावर दुसरी एक तारीख होती २१/०७, आणि एकविसावा महिना तर असूच शकत नाही. ते दाखवल्यावर दुरुस्ती झाली.

तेव्हा भारत सोडण्यापूर्वी डॉक्टरांकडून महिना अक्षरी लिहून घ्या. '२ जून २०२१'. एवढ्यानेही खूप काम होतं.

इथे दोन गोष्टी ऑस्ट्रेलियाहून वेगळ्या आहेत. एप्रिल २०१६ पासून पुढे दिलेले तोंडावाटेचे पोलिओ डोस इथे मोजत नाहीत. सुईने दिलेली पोलिओ मोजतात. आमच्या मुलाला हेक्साव्हॅलंट (सहा आजारांची एकत्र लस) दिलं होतं, त्यात ती होती, म्हणून निभावलं. दुसरं, कावीळ बचा शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यावरच दिलेला हवा. आपल्याकडे सहा-दहा-चौदा आठवड्यांत मालिका संपते, त्यामुळे आम्हाला इथे एक ज्यादा घ्यावा लागला.


मांडवीकाठ

एप्रिल २०१६ चं काय विशेष? आमच्या धाकट्याला तर पल्स पोलिओच्या प्रत्येक रविवारी बूथवर नेलंय. ते सगळे थेंब फुकट गेले का?


बालवैद्य_नाशिक

फुकट मुळीच नाही. मी नाशकात बालरोगतज्ज्ञ आहे, याचं उत्तर मी देतो.

पोलिओचे विषाणू तीन प्रकारचे. जुन्या थेंबांत तिन्ही असायचे. त्यातला दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू जगात शेवटचा सापडला १९९९ मध्ये, आपल्याच देशात, अलिगढला. २०१५ मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं आणि एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच वेळी थेंबांमधून तो प्रकार काढून टाकला. त्यामुळे त्यानंतरच्या थेंबांनी पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारापासून उत्तम संरक्षण मिळतं, दुसऱ्यासाठी सुईची लस लागते. अमेरिका तिन्ही प्रकारांचं संरक्षण कागदावर मागते, म्हणून ते डोस मोजत नाही. याच थेंबांच्या जोरावर १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडलेला नाही. तुम्ही बूथवर नेलंत, तुमच्यासारख्या लाखोंनी नेलं, म्हणून ते झालं.

आता परदेशी निघालेल्या पालकांना कळकळीची विनंती. निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात 'सर, एक सर्टिफिकेट' म्हणून येऊ नका, महिनाभर आधी या. मी लेटरहेडवर तक्ता करून देतो: लसीचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, तारीख महिना अक्षरी, त्या दिवशीचं मुलाचं वय, बॅच नंबर असेल तर तो. मुलाचं नाव पासपोर्टप्रमाणे. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नुसतं ब्रँडचं नाव लिहून भागत नाही. 'ट्रेसिव्हॅक' म्हणजे सीरमची एमएमआर हे मला माहीत आहे, मेलबर्नच्या नर्सने ते कुठून ओळखावं? 'इझीसिक्स', 'न्यूमोसिल', तेच. आणि 'सर्व लसी वेळेवर पूर्ण' असं एका ओळीचं पत्र तर कुणीच देऊ नये. त्यात तारीख नाही, म्हणजे त्याचा परदेशात काडीचा उपयोग नाही. माझ्या व्यवसायबंधूंनाही हेच सांगणं आहे.

दुखणारी डीपीटी दिली की 'पेनलेस' दिली, हाही प्रश्न येतो. दोन्ही धरतात.


मांडवीकाठ

धन्यवाद डॉक्टर. बरं वाटलं.

माझा अनुभव कार्ड हरवण्याचा आहे. थोरलीचं कार्ड घर बदलताना गेलं. ती तेव्हा पाच वर्षांची, आम्ही ॲडलेडला. इथल्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं की आईच्या आठवणीवर नोंद करता येत नाही, लेखी काही नसेल तर लसी झाल्याच नाहीत असं धरून नव्याने देऊ. दंडावरचा बीसीजीचा वण दाखवला, तर त्यावरून बाकीच्यांचं काही कळत नाही म्हणाल्या, तेही खरंच.

मग सासूबाई गावच्या आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या नर्सताईंनी जुनं रजिस्टर काढलं, लांबलचक, कापडी बांधणीचं. त्यात आईचं नाव, बाळाचं नाव, आणि पुढे एकेक तारीख निळ्या शाईत. सासूबाईंनी फोटो पाठवला, पण नुसता फोटो नको म्हणून केंद्राकडून त्याचा उतारा शिक्क्यानिशी घेतला. आमच्या नर्सबाईंनी तो मान्य केला. अकरा डोस एका झटक्यात परत मिळाले. त्या नर्सताईंनी पाच वर्षांपूर्वी केलेली नोंद माझ्या मुलीच्या अकरा सुया वाचवून गेली. पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले.

ज्यांचं कार्ड हरवलंय त्यांनी आधी उपकेंद्राचं, आशाताईंचं, नगरपालिकेच्या दवाखान्याचं, खाजगी डॉक्टरांचं रेकॉर्ड विचारा.


संत्रानगरी

मांडवीकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत.

आणि काहीच सापडलं नाही तरी घाबरायचं कारण नाही. आधी घेतलेली लस पुन्हा दिली तर बहुतेक बाबतीत अपाय होत नाही. धनुर्वाताच्या लसी फार जवळजवळ झाल्या तर दंड बराच सुजतो, म्हणून जे आठवतंय ते नर्सला सांगा जरूर. पण कागदाच्या शोधात सहा-सहा महिने लस थांबवून ठेवू नका. शोध चालू ठेवा आणि पहिला डोस घ्या.

कार्ड मराठीत असेल आणि नर्सला मराठी येत नसेल तर भाषांतर लागेल, त्याची आधीच तयारी ठेवा. 'गोवर', 'घटसर्प', 'त्रिगुणी' हे तिला कळणार नाही.


दीपस्तंभ

आम्ही दोघं आणि चार महिन्यांचं बाळ पुढच्या महिन्यात ब्रिस्बेनला येतोय. बाळाचे दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस तिथे गेल्यावरच एकदम देऊ असं घरच्यांचं म्हणणं आहे. व्हिसा तात्पुरता आहे, मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्य योजना) नाही.


संत्रानगरी

थांबू नका. उद्या जाऊन डोस द्या. रोटाव्हायरसच्या (जुलाबाच्या) लसीला इथे वयाची वरची मर्यादा आहे, ती उलटली की तो डोस देताच येत नाही. डांग्या खोकला तर एवढ्या लहान बाळांनाच सर्वांत जास्त घातक असतो.

मेडिकेअर नसलं तरी रजिस्टरमध्ये नोंद होते, ती करून घ्याच. फुकट लसींचं मात्र मेडिकेअरवर आणि राज्यावर अवलंबून आहे, तुमच्या कौन्सिलला फोन करून विचारा. मेडिकेअर असलेल्या वीस वर्षांखालच्या सगळ्यांना राहिलेल्या लसी राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात.


रातराणी

मोठ्यांबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहिते. मी सिडनीत नर्सिंग शिकते आहे, वय २९, जन्म जळगावचा. हॉस्पिटलमध्ये प्लेसमेंटला (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला) जायच्या आधी पुरावे मागितले: डांग्या खोकल्यासह धनुर्वात गेल्या दहा वर्षांतला, एमएमआरचे दोन, कांजिण्यांचे दोन किंवा रक्ततपासणी, कावीळ बच्या लसी आणि त्यानंतर अँटिबॉडी दहाच्या वर, शिवाय क्षयाची तपासणी. माझ्याकडे यातलं लेखी काहीही नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, 'तुला सगळं दिलंय गं.' दिलंही असेल. पण आमच्या लहानपणी सरकारी यादीत कावीळ ब नव्हती, ती देशभर पोचायला २०११ उजाडलं. एमएमआर तर कधीच नव्हती, फक्त गोवर.

मी दोन चुका केल्या. एक, उशीर. कावीळ बचे तीन डोस आणि मग महिन्याभराने रक्त, यातच सहा महिने जातात. माझी पहिली प्लेसमेंट हुकली आणि एक सत्र वाया गेलं. दुसरी, एमएमआर आधी घेतली आणि दोन आठवड्यांनी मँटूसाठी (क्षयाची त्वचेवरची चाचणी) गेले. त्यांनी परत पाठवलं, कारण एमएमआरनंतर चार आठवडे त्या चाचणीवर विसंबता येत नाही. एकतर लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करायची होती. शिवाय बीसीजी झालेल्यांची मँटू उगाच फुगू शकते, मग पुन्हा रक्ताची तपासणी. शेवटी माझी तीच केली.

नर्सिंग, एज्ड केअर, चाइल्डकेअर, काहीही शिकायला येणाऱ्यांनी प्रवेशाचं पत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच सुरुवात करा.


सोनटक्का

अरे देवा, स्वतःचा तर मी विचारच केला नव्हता. माझा जन्म १९९१ चा, नवऱ्याचा १९८८. आमचं काय करायचं? माझी धाकटी बहीणही इथेच आहे, तिचं बाळाचं नियोजन चाललंय.


संत्रानगरी

बहिणीला आजच फोन करा. रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का हे गरोदर राहण्याआधी बघायला हवं. नसेल तर एमएमआर घेऊन २८ दिवस थांबायचं. गरोदरपणात ती लस देता येत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. आपल्या पिढीतल्या मुलींना रुबेलाची लस मिळालेली नाही, हे फार कमी जणींना माहीत असतं. नंतर प्रत्येक गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस, विसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात, ती विसरायची नाही.

तुम्ही दोघं १९६६ नंतर जन्मलेले, म्हणजे एमएमआरच्या दोन डोसांचा पुरावा हवा, नसेल तर घ्यायचे. व्हिक्टोरियात ते मोफत मिळतात. डांग्या खोकल्यासह धनुर्वाताचा एक. लहानपणी कांजिण्या नक्की झाल्या असतील तर प्रश्न मिटला, नक्की नसेल तर रक्त तपासा. कावीळ बची तपासणी दोघांनीही करून घ्या, लसीसाठी तर आहेच, पण आजार आत असेल तर तो कळण्यासाठीही. रजिस्टर २०१६ पासून सगळ्या वयांसाठी आहे, तेव्हा तुमच्याही नोंदी चढवून घ्या.

आजी-आजोबा नातवंडाच्या जन्मासाठी भारतातून येणार असतील तर डांग्या खोकल्याची लस बाळाला हातात घेण्याच्या किमान दोन आठवडे आधी. तिथेच घेऊन आले तर उत्तम.


सह्यकडा

आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मग माझी पण लावून घे, मला नातीला घ्यायचंय.' पुढच्या मंगळवारी नेतोय.


न्यूजर्सीचा_कोल्हापूरकर

सह्यकडा, आईंना नमस्कार. सुट्टीत लहान बाळाला घेऊन भारतात जाणाऱ्यांसाठी एक: सहा महिन्यांनंतरच्या बाळाला प्रवासाआधी एमएमआरचा एक जादा डोस देतात. तो पुढच्या दोनांत धरत नाहीत, पण प्रवासापुरतं संरक्षण मिळतं. आम्ही धाकटीला दिला होता.


संत्रानगरी

हो, इथेही देतात. आणि मोठ्या मुलांना टायफॉइड आणि कावीळ अ विचारून घ्या, मुलं आजोळी गेली की पाणी कुठलं पितात यावर आपला ताबा नसतो.


सोनटक्का

काल जाऊन आलो. मुद्दाम सविस्तर लिहिते, नवीन येणाऱ्यांना धीर येईल.

पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला होता, त्यांनी नवीन तक्ता करून पाठवला, तारखा अक्षरी. मुलाची दोन्ही कार्डं, मोठं आणि मोहिमेतलं छोटं, दोन्हीचं भाषांतर करून नेलं. नर्सने एकेक तारीख कॉम्प्युटरवर घातली, पंचवीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा तिने मला विचारून खात्री केली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. मुलाचा हिशेब संत्रानगरी यांनी मांडला तसाच होता, एका सुईचाही फरक नाही.

मुलीने माझ्या मांडीवर बसून माझा अंगठा घट्ट धरला. एक रडणं, एक फुगा, संपलं. मुलगा म्हणाला, मला मोजून दे. नर्सने मराठीत 'एक, दोन, तीन' म्हणायला शिकून घेतलं आणि तीनवर सुई. तिन्ही वेळा. पंधरा मिनिटं बाहेर बसलो, निघालो. रात्री मुलाला थोडा ताप होता, सकाळी उतरला.

मुलाची 'कॅच-अप (राहिलेल्या लसींची भरपाई) सुरू आहे' अशी नोंद नर्सने रजिस्टरमध्ये केली आहे, त्यामुळे सरकारी मदतीलाही अडचण येणार नाही म्हणाली. मुलीचं स्टेटमेंट आज सकाळी आलं, त्यात आता काही थकलेलं नाही. चाइल्डकेअरला पाठवलं, सोमवारपासून जाईल. आम्हा दोघांचे पहिले एमएमआरही कालच झाले. बहिणीचं रक्त तपासायला दिलंय.

मुलाचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात १४ तारखेला. झाला की इथे लिहिते.